बालशिक्षणाचा इतिहास साधनं हातात घेऊन शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल अलीकडे बरंच लिहून येतं. मुलाला शाळेत कधी घालावं, अक्षरं कधी शिकवावीत, गृहपाठ असावा का, यावर हिरिरीने मतं मांडली जातात. इतिहासाचा उल्लेख मात्र दोन-तीन नावं आणि तितक्याच सनांपुरता येतो. शिक्षिकांच्या प्रशिक्षणातही हा भाग बहुधा पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवायचा असतो. वास्तविक हा इतिहास वस्तूंचा आणि कृतींचा आहे. कोणती वस्तू, किती मापाची, कोणत्या क्रमाने मुलाच्या हाती द्यायची आणि मोठ्या माणसाने कुठे गप्प राहायचं, याचा दोनशे वर्षं झालेला बारीक विचार त्यात आहे. वस्तू पुढच्या पिढीकडे गेली आणि तिच्यामागचं कारण मागे राहिलं, की काय होतं हेही त्यात पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून हा विषय साधनं हातात घेऊन शिकवला जावा, हे आग्रहाने सांगण्यासाठी हे पत्र.

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेन यांनी आपल्या सूतगिरणीच्या वसाहतीत १ जानेवारी १८१६ रोजी जी शिक्षणसंस्था उघडली, तिच्यात कामगारांच्या चिमुकल्यांचा वर्ग होता. शिकवायला जेम्स ब्युकॅनन नावाचे विणकर आणि मॉली यंग ही तरुण मुलगी. ओवेन यांच्या सूचना मोजक्याच होत्या: मारायचं नाही, रागावून बोलायचं नाही, पुस्तकांचा जाच करायचा नाही. भोवतालच्या वस्तू, चित्रं आणि नकाशे दाखवत मुलांशी बोलायचं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, गाणं आणि नाच शिकवायचा, हवा बरी असली की बाहेर न्यायचं. पुढे ब्युकॅनन लंडनला गेले आणि १८२० साली सॅम्युअल वाइल्डरस्पिन यांनी स्पिटलफील्ड्समध्ये बालशाळा हाती घेतली. आता एका माणसापुढे शंभराहून अधिक मुलं होती. त्यातून मागे चढत जाणाऱ्या पायऱ्यांची गॅलरी आली. सगळी मुलं तिच्यावर बसत, शिक्षक समोर उभा राहून वस्तू दाखवी, प्रश्न विचारी आणि उत्तर एका सुरात येई. वाइल्डरस्पिन यांनी मैदानावरही तेवढाच भर दिला होता. मैदान म्हणजे त्यांच्या लेखी छप्पर नसलेली वर्गखोलीच. पण गॅलरी सुतार बांधून देतो. मैदानाला जागा लागते आणि खेळणाऱ्या मुलांकडे जाणतेपणाने पाहणारं माणूस लागतं. अनुकरण करणाऱ्यांनी गॅलरी उचलली. एका सुरातलं उत्तर हे बालवर्गाचं लक्षण होऊन बसलं ते मुलांची संख्या आवरण्याच्या गरजेतून. त्यामागे कुठलंही बालमानसशास्त्र नव्हतं, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला ठाऊक असायला हवं.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांच्याबाबत तर नाव आणि सन यांच्यापलीकडे बहुधा काहीच शिकवलं जात नाही. त्यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्गला काम सुरू केलं, १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या साधनांना ते ‘भेटी’ म्हणत. पहिली भेट सहा रंगांचे सहा लोकरी चेंडू, दोरी बांधलेले. दुसरी लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन. तिसरी भेट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण फ्रोबेल यांचा सगळा विचार तिच्यात सापडतो.

दोन इंच बाजूचा लाकडी घन. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी मधोमध एकेकदा कापलेला, म्हणजे एक इंचाचे आठ घन. तो सरकत्या झाकणाच्या पेटीत बसवलेला असतो. मुलाला पेटी द्यायची रीत ठरलेली आहे. झाकण किंचित सरकवायचं, पेटी उपडी करून टेबलावर ठेवायची, खालून झाकण ओढून काढायचं आणि मग पेटी सरळ वर उचलायची. टेबलावर अखंड घन उभा राहतो. मूल आधी पूर्ण वस्तू पाहतं, मग स्वतःच्या हाताने तिचे भाग करतं. खेळताना आठही ठोकळे वापरायचे. एखादा उरला तर त्या रचनेत त्याचंही काही काम ठरवायचं. एक आकार मोडून दुसरा करायचा नाही, एक-दोन ठोकळे हलवून खुर्चीतून पलंग, पलंगातून जिना काढायचा. शेवटी पुन्हा घन रचायचा, त्यावर पेटी झाकायची, झाकण सरकवायचं.

पेटी नुसती ओतली तर काय बिघडतं? मुलासमोर ढीग येतो. संपूर्ण आणि त्याचे भाग हा संबंध, ज्यासाठी ही भेट घडवली, तो पहिल्या क्षणीच नाहीसा होतो. नंतर आवरतानाही मूल ठोकळे टाकतं, रचत नाही. ठोकळ्यांची घडणही तितकीच महत्त्वाची. दोन ठोकळे शेजारी ठेवले की बरोबर दोन इंच भरले पाहिजेत. ठोकळ्यांना जाड रंग दिला तर दोन ठोकळ्यांच्या रांगेत रंगाचे चार थर येतात आणि घन पेटीत बसत नाही. मूळ साधन साध्या, घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाचं असतं, ते या कारणासाठी. पाचव्या भेटीत तर तीन इंचाच्या घनाचे ३९ तुकडे आहेत: २१ पूर्ण घन, ३ घन एका कर्णावर कापून झालेले ६ आणि ३ घन दोन्ही कर्णांवर कापून झालेले १२. ती दिसायला भरगच्च, म्हणून आधी तीच काढण्याचा मोह होतो. तिसरी आणि चौथी भेट हाताखालून न गेलेल्या मुलाला हे तिरके तुकडे पुन्हा घनात बसवता येत नाहीत, मग मोठं माणूस बसवून देतं आणि खेळ मुलाच्या हातून सुटतो.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. तरीही कल्पना जर्मनीबाहेर पोहोचली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला १८५६ मध्येच जर्मन भाषेतलं किंडरगार्टन निघालं. तिथे पुढे ज्या झपाट्याने किंडरगार्टनं वाढली त्या झपाट्याने शिक्षिका तयार होणं शक्य नव्हतं. टेबलावर एक इंचाचे चौकोन आखलेले असत. शिक्षिका सांगे, ‘एक ठोकळा उजवीकडे सरकवा’, आणि सगळी मुलं एकदम सरकवीत. साधन तेच, मापं तीच, पण ठरवणारा हात बदललेला. कागदाला सुईने भोकं पाडण्याच्या आणि टोचलेल्या पुठ्ठ्यावर शिवण्याच्या कामांनी डोळे आणि बोटं शिणत. पॅटी स्मिथ हिल यांच्यासारख्या शिक्षिकांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि मुलाचं अख्खं शरीर कामाला लागेल असे मोठे ठोकळे आणले. कॅरोलाइन प्रॅट यांचे ठोकळेही त्याच वळणावरचे. त्यांचा मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड, म्हणजे प्रत्येक माप आधीच्या मापाच्या निम्मं. हे प्रमाण सांभाळलेलं असतं तोवर दोन छोटे मिळून एक मोठा होतो, आणि अपूर्णांकांची ओळख न शिकवता होते. स्वस्तातल्या संचात मापं जुळवलेली नसतात. भिंत एका बाजूला खचते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं. त्या डॉक्टर होत्या. इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं मतिमंद आणि बहिऱ्या मुलांसोबतचं काम त्यांनी बारकाईने अभ्यासलं होतं आणि साधनांचं बीज तिथून आलं. त्यांच्या साधनांचं सूत्र असं की एका साधनात एकच गुण बदलतो. गुलाबी मनोऱ्यात दहा घन आहेत, सर्वांत लहान एक सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटीमीटरचा. रंग एकच, पोत एकच; बदलतं ते फक्त आकारमान. घन भरीव असल्याने मोठा घन उचलताना वजनही हाताला कळतं, कारण त्याचं घनफळ लहान घनाच्या हजारपट आहे. आज बाजारात मिळणाऱ्या मनोऱ्यात प्रत्येक घन वेगळ्या रंगाचा, वर प्राण्यांची चित्रं आणि आतून पोकळ प्लॅस्टिक. मुलाचं लक्ष चित्राकडे जातं, हाताला वजन लागत नाही आणि ‘मोठा’ हा अनुभव निसटतो. हे साधन सजवलं की मोडलं.

दट्ट्यांच्या पेट्यांचं तसंच. चार लाकडी ठोकळे, प्रत्येकात दहा खाचा आणि दहा दट्टे. एका ठोकळ्यात दट्ट्यांची फक्त जाडी बदलते, एकात फक्त उंची, एकात दोन्ही बरोबरीने घटतात आणि एकात जाडी घटते तशी उंची वाढते. दट्ट्याच्या डोक्यावरची बारीक मूठ अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनीच धरता येते. पेन्सिल धरायची तीच तीन बोटं. जाडी बदलणाऱ्या ठोकळ्यात बारीक दट्टा मोठ्या खाचेत बसवला तर शेवटी एक जाड दट्टा हातात उरतो आणि रिकामी खाच त्याला पुरत नाही. चूक साधनानेच सांगितली, बाईंना बोलावं लागलं नाही. मात्र यासाठी लेथवरचं काम अचूक लागतं. खाचा सैल असतील, किंवा वापराने झिजून शेजारचे दोन दट्टे एकमेकांच्या खाचेत बसू लागले असतील, तर साधन मुकं होतं. मग शिक्षिका ‘चुकलं’ म्हणू लागते आणि मूल खाचेऐवजी तिच्या चेहऱ्याकडे पाहून काम करतं. दमट हवेत लाकूड फुगून दट्टे अडकतात. तेव्हा ते ठोकून बसवण्यापेक्षा पेटी काही दिवस बाजूला ठेवणं बरं. वर्षातून एकदा चारही पेट्या स्वतः बसवून पाहणं हे शिक्षिकेच्या कामात धरलं पाहिजे.

लेखनाचा भाग सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अधिक विसरला गेलेला. सान लोरेन्झोच्या मुलांना अक्षरं गिरवायला पाटी-पेन्सिल दिली नव्हती. लेखनात तीन वेगळी कौशल्यं आहेत हे मॉन्टेसरी यांनी ओळखलं आणि ती वेगवेगळी तयार केली. पहिलं पेन्सिलवरचा ताबा. त्यासाठी धातूचे आकार: मूल चौकटीची आतली कड एका रंगाने काढतं, त्यावर आकार ठेवून दुसऱ्या रंगाने कड काढतं, आणि आतली जागा समांतर रेघांनी भरतं. दुसरं अक्षराचं वळण. त्यासाठी पॉलिश पेपरची अक्षरं. तिसरं शब्दातले ध्वनी ओळखून ते ओळीने लावणं. त्यासाठी सुटी अक्षरं, म्हणजे हाताला लिहिता येत नसतानाही मूल शब्द रचू शकतं. १९०७ च्या डिसेंबरात गच्चीवर एका मुलाने खडूने धुराड्याचं चित्र काढलं आणि त्याच खडूने शब्द लिहिले. त्याला शब्द लिहायला कुणी बसवलं नव्हतं. पाठोपाठ इतर मुलंही लिहू लागली. हात आधीच तयार होता.

पॉलिश पेपरची अक्षरं देवनागरीसाठी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. अक्षर कागदाच्या मागच्या बाजूला उलटं काढून कापायचं, तरच पुढून सुलटं येतं. कागद बारीक दाण्याचा घ्यावा. भरड असला तर मूल बोट उचलून उचलून फिरवतं आणि वळण तुटतं. कार्ड गुळगुळीत असावं, म्हणजे बोट रेघेवरून घसरलं की ते लगेच कळतं. डावीकडे पुरेसं समास सोडलं तर मुलाला दुसऱ्या हाताने कार्ड धरता येतं. बोटं आधी कोमट पाण्यात धुऊन पुसली तर स्पर्श अधिक स्पष्ट लागतो. तर्जनी आणि मधलं बोट लेखनाच्याच दिशेने फिरवायचं, शिरोरेघ शेवटी. अक्षरांचा क्रम वर्णमालेचा ठेवण्याचं कारण नाही. ग, म, भ, न हा वळणाच्या साम्याचा क्रम मराठी शिक्षकांना परिचितच आहे, पण एकाच बैठकीत म आणि भ देऊ नयेत, नाहीतर त्यांची गल्लत पक्की होते. सुट्या अक्षरांत ऱ्हस्व इकाराची अडचण ठरलेली. ‘दिवा’ रचताना मूल आधी द ठेवतं आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे, कारण कानाला तसंच ऐकू येतं. ऐकण्यात त्याची चूक झालेली नसते. त्याला खोडून काढू नये. वेलांटी अक्षराच्या डावीकडे ठेवतात हे नंतर, वेगळ्या वेळी दाखवावं. रोमन लिपीचा संच जसाच्या तसा उचलणाऱ्यांना हे सुचत नाही.

नावं शिकवण्याची सेगँ यांची तीन पायऱ्यांची रीतही अशीच अर्धवट उरली आहे. ‘हा ग’ असं सांगणं ही पहिली पायरी. ‘ग कुठला, दाखव बघू’ ही दुसरी, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा. ‘हा कुठला?’ ही तिसरी. बहुतेक वर्गांत पहिल्यावरून थेट तिसरीवर उडी पडते. मूल अडखळतं, बाई सांगतात, ते पुन्हा अडखळतं. अडखळलं तर न सुधारता साधन शांतपणे ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीपासून यायचं, इतकी ही साधी गोष्ट आहे.

चुकीच्या पद्धतीची किंमत कुणी मोजली, याचं एक उदाहरण विसरू नये. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांखालची पुष्कळ मुलं बसत असत. १९०५ मध्ये महिला निरीक्षकांनी या मुलांबद्दल अहवाल दिले. इतक्या लहान वयात दिल्या जाणाऱ्या औपचारिक शिकवणीतून मुलांच्या बुद्धीला काही लाभ होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो बरोबर होता. त्यावर पद्धत सुधारता आली असती. झालं असं की पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली, आणि गरीब घरची मुलं वर्गाच्या कोंडवाड्यातून निघून रस्त्यावर आली. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली बालशाळा काढली ती या पार्श्वभूमीवर. अंघोळ, सकस जेवण, दुपारची झोप आणि बाग हे तिथे शिक्षणाचेच भाग होते. आजही कोवळ्या वयातल्या घोकंपट्टीवर टीका करताना ‘मग मुलांना पाठवूच नका’ असं सहज म्हटलं जातं. ज्या घरात दिवसभर मुलाशी बोलायला कुणी मोकळं नाही तिथे या सल्ल्याने काय होतं, ते १९०५ नंतर दिसलं आहे.

आकडेवारीचंही असंच होतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटीला १९६२ ते १९६७ या काळात झालेल्या पेरी प्रकल्पाचा दाखला धोरणाच्या प्रत्येक चर्चेत दिला जातो. बालशिक्षणावर खर्च केलेला पैसा समाजाला कित्येक पटींनी परत मिळतो, असं त्यावरून सांगतात. प्रकल्पात एकूण १२३ मुलं होती, त्यांपैकी ५८ जणांना हे शिक्षण मिळालं. त्यांचा वर्ग रोज अडीच तास चाले, साधारण सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका असे, आणि आठवड्यातून एकदा ती मुलाच्या घरी जाऊन दीड तास आई आणि मूल यांच्यासोबत बसे. बुद्ध्यंकातली सुरुवातीची वाढ काही वर्षांत विरली. शिक्षण पूर्ण करणं, नोकरी, गुन्हेगारीपासून दूर राहणं यांतला फरक मात्र मोठेपणीही टिकला. परतावा सांगायचा आणि सहा मुलांमागे एक हे प्रमाण व घरभेट गाळायची, हे वाचकांना अर्धं सत्य सांगणं आहे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. या दोघींचं काम सांगताना त्याग आणि सेवाभाव यांवरच बोललं जातं. त्यांची शैक्षणिक कामगिरी मागे पडते. महाग साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे दिसल्यावर त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं उभी केली. हा काटकसरीचा उपाय वाटतो, पण त्यासाठी मूळ साधनातला कोणता गुण टिकवायचा आणि कोणता सोडायचा हे नेमकं कळावं लागतं. बियांच्या प्रतवारीत आकार बदलता ठेवायचा तर रंग एकसारखा निवडावा लागतो. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, हाही असाच कारण ओळखून केलेला बदल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. त्या योजनेच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे. आहार, लसीकरण, तपासण्या आणि नोंदवह्या यांचा हिशोब रोज द्यावा लागतो. शिक्षणाचा कुणी रोज मागत नाही, म्हणून वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लागते. सेविकांना दोष देण्यापूर्वी हे पाहावं.

म्हणून पूर्वप्राथमिकच्या प्रशिक्षण अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे. इतिहासाच्या पेपरमधले जन्मसाल विचारणारे प्रश्न काढून टाका आणि त्या गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. तिसऱ्या भेटीची पेटी प्रशिक्षणार्थीपुढे ठेवा, ती उघडून, आठही ठोकळ्यांतून तीन रचना एकीतून दुसरी काढून, परत पेटीत घालायला सांगा. झिजलेल्या दट्ट्यांची एक पेटी मुद्दाम मिसळून ठेवा आणि ती ओळखता येते का बघा. वळणाच्या दृष्टीने निवडलेली पाच अक्षरं पॉलिश पेपरमधून कापून घ्या आणि क्रमाचं कारण विचारा. हाताशी असलेल्या नैसर्गिक वस्तूंतून एकच गुण बदलणारं एक साधन करायला लावा. आणि अर्धा तास एका मुलाजवळ काहीही न बोलता बसून, त्याने काय उचललं, किती वेळ धरलं, कुठे सोडलं आणि पुन्हा कशाकडे वळलं, याची लेखी नोंद मागा; तिच्यात ‘हुशार’, ‘खोडकर’ असे शब्द आले तर गुण कापा.

आपली,
बालशिक्षणाची एक अभ्यासक